मळणीवाल्यांनी केलेलं धुण्याचं यंत्र – रिंगर मशीनचा इतिहास आणि दुरुस्ती

आज पिकाचं काही नाही. आज एका जुन्या यंत्राबद्दल लिहितोय. कपडे धुण्याचं यंत्र आहे, पण त्याचा जन्म मळणी यंत्राच्या कारखान्यात झालेला आहे, म्हणून या पानावर त्याला जागा आहे. लेख जरा लांब आहे. दुपारच्या वेळी सावलीला बसून वाचा.

रिंगर म्हणजे पिळणी. रसवंतीचा चरक डोळ्यासमोर आणा. दोन रूळ एकमेकांना चिकटून उलट दिशेनं फिरतात, ऊस मधून जातो, रस खाली पडतो आणि चिपाड पलीकडं निघतं. तसेच दोन रबरी रूळ धुण्याच्या पिंपावर एका खांबाला बसवलेले. ओला कपडा एका बाजूनं घालायचा, पाणी खाली पिंपात पडतं आणि कपडा चपटा होऊन पलीकडं येतो. इंग्रजीत फार हाल झालेल्या माणसाला रिंगरमधून काढला असं म्हणतात. आपण चरकातून पिळून काढला म्हणतो. दोन मुलखांत एकाच यंत्रावरनं एकच बोलणं तयार झालं.

आपल्याकडं ही यंत्रं अशी कधी पसरली नाहीत. आपल्या घरांत धुण्याचं यंत्र आलं ते एकदम नंतरच्या काळातलं, गोल फिरवून पाणी काढणारं. रिंगरचा खरा मुलूख म्हणजे अमेरिका, आणि त्यातही आयोवा राज्य. मका, सोयाबीन आणि डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांचं राज्य. तिथं न्यूटन नावाचं गाव आहे. हा इतिहास त्या गावातला.

सुरुवात मळणीपासून

फ्रेडरिक लुई मेटॅग हा शेतकऱ्याचा मुलगा, जन्म 1857. आईबाप जर्मनीतून आलेले. 1893 साली त्यानं न्यूटनमध्ये भागीदारांना घेऊन एक कंपनी काढली. तिचं नाव पार्सन्स बँड कटर अँड सेल्फ फीडर कंपनी. नाव लांब आहे, पण त्यात सगळं काम सांगितलंय. पेंढीचा बंध कापणारं आणि मळणी यंत्रात आपोआप माल सोडणारं साधन.

त्या काळी तिकडं गहू-ओट कापून पेंढ्या बांधायचे, मग वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या मोठ्या मळणी यंत्राकडं न्यायचे. यंत्राच्या तोंडाशी दोन्ही बाजूला चाकू घेतलेली माणसं उभी. त्यांनी पेंढीचा बंध कापायचा आणि मधल्या माणसानं ती पेंढी पसरून फिरत्या ड्रममध्ये सोडायची. धूळ, उष्णता, आवाज, आणि दिवसभर तेच काम. चाकू कधी बंधाच्या ऐवजी शेजाऱ्याच्या हातावर बसायचा, आणि मधला माणूस जरा पुढं झुकला की हात ड्रममध्ये. हे काम माणसाच्या हातातून काढून यंत्राकडं देणारं साधन म्हणजे सेल्फ फीडर. काही वर्षांत या धंद्यात ही कंपनी फार मोठी झाली.

पण अडचण कोणती, ते आपल्याला सांगायला नको. मळणी हंगामी. उन्हाळ्यात मागणी एवढी की कारखाना पुरा पडत नाही, आणि नंतर कारागीर बसून. ट्रॅक्टरची अवजारं करणारे आपले फॅब्रिकेशनवाले हेच भोगतात. मेटॅगनं बसलेल्या हातांना काम म्हणून 1907 साली धुण्याचं यंत्र काढलं. त्याला नाव दिलं पास्टाइम, म्हणजे फावल्या वेळचं काम. लाकडी पिंप, आत खुंट्या असलेला घुसळणारा दांडा, आणि वर हातानं फिरवायचं हँडल.

आपल्याकडं लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट थोडी अशीच आहे. बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि 1910 साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी. तिथंही एका यंत्राच्या कमाईवर आणि कारागिरीवर दुसरं यंत्र उभं राहिलं. मेटॅगच्या बाबतीत फरक एवढाच की जोडधंदा एवढा वाढला की मूळ धंदा त्यानं गिळला.

वीज नसलेल्या घरासाठी

हाताचं हँडल फिरवणं म्हणजे घरातल्या बाईला आणखी एक काम. धुणं म्हणजे तेव्हा पूर्ण दिवसाचा कार्यक्रम होता. पाणी शेंदायचं, चुलीवर तापवायचं, साबण किसायचा, फळीवर घासायचं, पिळायचं, खळबळायचं, परत पिळायचं. तिकडं सोमवार हा धुण्याचा वार ठरलेला. घरगड्यांचे, पोरांचे, नवऱ्याचे शेणामातीचे कपडे एका दिवसात. जाड सुती पँट हातानं पिळून मनगटं सुजायची. नदीवर किंवा विहिरीवर घोंगडी-वाकळा धुतलेल्या बायांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

मेटॅगच्या कारखान्यात हॉवर्ड स्नायडर नावाचा एक कारागीर होता. यंत्रांत डोकं चालणारा. त्याच्या हातून पुढच्या सुधारणा झाल्या. 1910 च्या सुमारास हायर्ड गर्ल नावाचं यंत्र आलं, म्हणजे कामाची मुलगी. त्याला पुली होती. शेतावरच्या इंजिनाचा पट्टा त्यावर चढवला की यंत्र चालू. नंतर विजेची मोटर असलेलं यंत्र आलं, पण वीज होती शहरात. मग 1914-15 च्या सुमाराला त्यांनी यंत्राच्या पोटाखालीच छोटं पेट्रोल इंजिन बसवलं. मल्टी मोटर हे त्याचं नाव. किक मारायची, धूर जायला लांब लवचीक नळी खिडकीबाहेर सोडायची आणि धुणं सुरू.

हे इंजिन शेतकऱ्यांना फार उपयोगी पडलं, कारण तिकडंही खेड्यात वीज नव्हती. आपल्याला वाटतं अमेरिकेत पहिल्यापासून झगमगाट. तसं नाही. 1935 साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, तेव्हा तिथल्या दहा शेतघरांपैकी साधारण एकाच घरात वीज होती. खासगी वीज कंपन्या म्हणायच्या, एवढ्या लांब तारा ओढून परवडत नाही. मग शेतकऱ्यांनी वीज सहकारी संस्था काढल्या, सरकारनं कर्ज दिलं आणि तारा गेल्या. तोपर्यंतची वीस वर्षं धुणं पेट्रोलवर चाललं.

ही छोटी इंजिनं एकाच कामाला राहिली नाहीत. वीज आली, यंत्राला मोटर बसली, आणि निघालेलं इंजिन पोरांनी उचललं. कुणी खेळण्यातली गाडी केली, कुणी पाण्याचा पंप चालवला, कुणी दाणे भरडायची चक्की. आपल्याकडं जुन्या डिझेल इंजिनाचं काय काय होतं ते आठवा. अमेरिकेतल्या कितीतरी मेकॅनिकांनी उघडलेलं पहिलं इंजिन हे मेटॅगचं होतं.

तळातली रवी

1919 साली मेटॅगनं ओतीव ॲल्युमिनियमचं पिंप काढलं. लाकडी पिंप वाळलं की फटी पडायच्या, लोखंडी गंजायचं. एवढं मोठं ॲल्युमिनियम एकसंध ओतणं तेव्हा अवघड मानलं जायचं. मग 1922 साली स्नायडरचं खरं काम बाजारात आलं. जायराफोम.

तोपर्यंत घुसळणारा दांडा वरून झाकणाला लटकलेला असायचा आणि तो कपडे पाण्यातून ओढत फिरवायचा. कपडे फाटायचे, गुंतायचे. स्नायडरनं तो खाली तळाला बसवला. चार पंखांचा, शंकूसारखा. तो गोल फिरत नाही. थोडा इकडं, थोडा तिकडं, असा मागंपुढं हलतो. ताकाची रवी दोरीनं घुसळताना जशी अर्धी इकडं अर्धी तिकडं जाते, अगदी तशी. त्यामुळं कपडा ओढला न जाता पाणीच कपड्यातून ढकललं जातं. मोटर एकाच दिशेला फिरते, आणि पिंपाखालच्या गिअरपेटीत ती गती मागंपुढं होते. पुढं जगभर जी वरून कपडे टाकायची यंत्रं आली, त्यांतल्या बहुतेकांत हीच कल्पना राहिली.

जायराफोमनं कंपनी देशात पहिल्या नंबरवर गेली. त्याच सुमाराला त्यांनी मळणीची साधनं करणं थांबवलं. हंगाम नसताना कारागिरांच्या हाताला काम म्हणून काढलेलं यंत्र मुख्य धंदा झालं. न्यूटन गाव पुढची ऐंशी वर्षं त्याच्यावर जगलं.

शेतीशी नातं मात्र तुटलं नाही. त्याच घराण्यानं होल्स्टीन गाईंचा गोठा उभारला, आणि 1941 पासून आयोवाच्या शेती विद्यापीठात शोधलेल्या पद्धतीनं निळ्या बुरशीचं चीज करायला घेतलं. ते चीज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

रूळ आणि हात

आता या इतिहासातली वाईट बाजू. ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

ज्या कंपनीची सुरुवात मळणीवाल्याचे हात वाचवणाऱ्या साधनानं झाली, तिच्या आणि तिच्यासारख्या बाकी कंपन्यांच्या पिळणीत हात जाऊ लागले. हातानं फिरवायची पिळणी असताना हात अडकला की फिरवणारा थांबायचा. तिला मोटर लागली आणि थांबणारं कुणी राहिलं नाही. बाईची बांगडी, बाही, केस अडकायचे. पण सगळ्यात जास्त हात लहान पोरांचे. आई वाळत घालायला बाहेर गेली, पोर स्टुलावर चढलं, आईसारखं करायला फडकं रुळात घातलं आणि बोटं फडक्याबरोबर गेली. रूळ हात ओढत कोपरापर्यंत किंवा काखेपर्यंत नेतात. तिथं हात जाड होतो म्हणून अडतो, पण रूळ फिरतच राहतात आणि त्या जागी कातडी घासून सोलतात.

हे एवढ्या घरांत झालं की डॉक्टरांनी त्या जखमेला वेगळं नाव दिलं. 1938 साली बोस्टनच्या एका सर्जननं अशा रुग्णांची माहिती वैद्यकीय मासिकात छापली आणि त्याला रिंगर आर्म म्हटलं. या जखमेची फसगत अशी की पहिल्या तासात हात बरा दिसतो. हाड मोडलेलं नसतं, कातडी लाल असते एवढंच. आत मात्र मांस चेंगरलेलं असतं. काही तासांनी सूज चढते, आतला दाब वाढतो, रक्त पुढं जात नाही, आणि वेळेत उपाय झाला नाही तर हात जाऊ शकतो. म्हणून हात साधा दिसला तरी पोराला दवाखान्यात ठेवून लक्ष ठेवायची पद्धत पडली.

हे वाक्य आपल्यासाठी पण आहे. चरकात, कडबाकुट्टीच्या रुळात, पट्ट्या-पुलीत हात चेंगरला आणि वरून काही दिसत नसलं तरी हळद लावून घरी बसू नका. बोटं बधिर होणं, गार पडणं, बोट सरळ करताना जीव जाईल अशी कळ येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच घडीला दवाखाना.

कंपन्यांनी उपाय केले. पिळणीच्या डोक्यावर एक दांडी किंवा पट्टी बसवली. तिच्यावर थाप मारली की वरचा रूळ उचलला जातो आणि दाब सुटतो. काही यंत्रांत माणूस घाबरून मागं ओढला गेला तरी त्या ओढीनंच पिळणी सुटायची. हा शहाणपणाचा विचार आहे. घाबरलेला माणूस बटण शोधत नाही, तो हात मागं खेचतो. जे तो आपोआप करतो त्यावरच सुटका बसवली.

आपल्याकडं हीच गोष्ट मळणी यंत्रावर झाली. हरितक्रांतीत गहू वाढला, पंजाब-हरियाणा-उत्तर प्रदेशात आणि मग इकडं पण मळणी यंत्रं आली, आणि हंगामागणिक हात तुटले. शेवटी 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा संसदेत झाला. मळणी यंत्र कसं असावं, धोक्याची सूचना, जखमी मजुराला भरपाई, हे त्यात आलं. माल टाकायची घसरण किमान 90 सेंटीमीटर लांब आणि तिचा 45 सेंटीमीटर भाग वरून झाकलेला हवा, असं भारतीय मानक सांगतं. हे माप असंच पडलेलं नाही. माणसाचा हात पूर्ण आत घातला तरी ड्रमपर्यंत पोचू नये, हा त्याचा हिशोब. मजूर अडचण होते म्हणतो आणि आपण ते झाकण गॅस कटरनं कापतो, तेव्हा हाच हिशोब कापलेला असतो.

योगायोग बघा. त्याच 1983 साली मेटॅगनं रिंगर यंत्र बनवणं बंद केलं. 1937 साली आपोआप धुऊन पिळून देणारी यंत्रं बाजारात आली होती, तरी रिंगर पुढं जवळजवळ अर्धं शतक तगलं.

ते का तगलं

एक तर पाणी. आपोआप चालणारं यंत्र प्रत्येक घाण्याला नवीन पाणी घेतं आणि सोडून देतं. रिंगरमध्ये एकदा गरम साबणाचं पाणी भरलं की आधी पांढरे कपडे, मग रंगीत, मग शेवटी शेतातले. सगळ्या घराचं धुणं त्याच पाण्यात. पिळलेलं साबणपाणी परत पिंपात पडतं, वाया जात नाही. शेजारी खळबळायची दोन पिंपं, शेवटच्यात नीळ. पिळणी खांबावर फिरते, म्हणून ती पिंपापिंपांमधून वळवता येते. विहीर आटणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

दुसरं म्हणजे दुरुस्ती. मोटर, पट्टा, गिअरपेटी, दोन रूळ. सगळं समोर, सगळं पान्यानं उघडणारं. आजही अमेरिकेतले आमिश लोक, जे घरात तारेची वीज घेत नाहीत, ही यंत्रं वापरतात. आयोवा, ओहायो, पेनसिल्वेनियात त्यांची वस्ती आहे. मोटरच्या जागी छोटं इंजिन किंवा हवेच्या दाबावर फिरणारी मोटर लावतात. त्यांच्यासाठी जुनी यंत्रं नवी करून देणारी छोटी दुकानं चालतात. शेतावरच्या लिलावात अजून ही यंत्रं निघतात.

न्यूटनचा कारखाना मात्र राहिला नाही. 2006 साली कंपनी व्हर्लपूलनं घेतली आणि 2007 साली न्यूटनचं काम बंद झालं. कारखाना गेला, पण त्यानं केलेली यंत्रं अजून कपडे धुतात.

जुनं यंत्र उभं करायची रीत

आता ज्यांना यंत्र उघडायची आवड आहे त्यांच्यासाठी. रीत रिंगरची आहे, पण गोठ्यातल्या आणि शेडमधल्या बऱ्याच जुन्या यंत्रांना ती लागू पडते.

1) आधी प्लग लावायचा नाही. जुन्या तारेवर रबर आणि कापड असतं. ते वाळून बोटानं चुरा होतं. तिकडच्या जुन्या यंत्रांना दोनच तारा असायच्या, अर्थिंग नाही. धातूचं पिंप, आत पाणी आणि ओल्या जमिनीवर अनवाणी माणूस, म्हणजे विहिरीवरच्या मोटरचा धोका घरात आला. तीन तारांची नवीन केबल, अंगाला अर्थिंग आणि वर ईएलसीबी. याच्याशिवाय चाचणी नाही.

2) मोटर कुठली ते वाचा. तिकडची मोटर 110-120 व्होल्ट आणि 60 सायकलची. आपली वीज 230 व्होल्ट, 50 सायकल. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्ट उतरतील पण सायकल बदलत नाही. 1725 फेऱ्यांची मोटर इथं साधारण 1440 वर येते आणि तापते. त्यापेक्षा इथलीच पाव किंवा एक तृतीयांश एचपीची सिंगल फेज मोटर बसवावी आणि मोटरवरची पुली जुन्यापेक्षा एक पंचमांश मोठी घ्यावी, म्हणजे रवीची गती मूळची राहते.

3) तळातली रवी सोडवणं. ती स्टीलच्या खाचांच्या दांड्यावर नुसती बसवलेली असते, पण साबणाचं किटण आणि गंज यांनी जाम होते. हातोडा मारू नका, ओतीव धातू तडकतो. वरून डिझेल किंवा गंज सोडवायचं ऑइल द्या, रात्रभर ठेवा. सकाळी कडकडीत गरम पाणी पिंपात भरा. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळं पकड सैल होते. रवीच्या खालून दोर घालून दोन्ही बाजूंनी सारखं वर ओढा. एका दिवसात नाही निघाली तर दुसऱ्या दिवशी परत. बसवताना दांड्याला ग्रीसचा हात द्या आणि दर महिन्याला एकदा काढून ठेवायची सवय लावा.

4) गिअरपेटीतलं ऑइल बघा. ऑइल दुधाळ झालं असेल तर मधल्या दांड्याचं सील गेलं, पिंपातलं पाणी खाली उतरतंय. ट्रॅक्टरच्या गिअर ऑइलमध्ये पाणी गेल्यावर जो रंग येतो तोच. नुसतं ऑइल बदलून उपयोग नाही, आधी सील. जुनं सील मिळत नसेल तर दांडा आणि घर यांची मापं कॅलिपरनं घ्या. बेअरिंगच्या दुकानात मापावर सील मिळतं.

5) पिंप धुताना कॉस्टिक सोडा वापरू नका. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं, फेस येतो आणि पेट घेणारा वायू निघतो. साधा साबण, लिंबू किंवा चिंचेचं पाणी आणि घासणी. आईनं तांब्या-पितळेला जे वापरलं तेच. मुलामा दिलेलं पिंप असेल तर पोपडे निघालेल्या जागा घासून लगेच रंगाचा हात द्या, नाहीतर गंज आतून पसरतो.

6) रूळ. रबर दोन कारणांनी जातं. वयानं कडक होऊन तडे पडतात, किंवा दाब तसाच ठेवून यंत्र वर्षानुवर्षं ठेवलं तर रूळ एका बाजूला चपटा होतो. म्हणून काम झालं की दाब सोडून ठेवायचा. नवीन रूळ मिळाला नाही तर छापखान्याच्या आणि सूतगिरणीच्या रुळांना रबर चढवून देणारे कारखाने आहेत. दांडा द्यायचा, जुन्या रुळाची जाडी आणि रबर किती मऊ पाहिजे ते सांगायचं. फार कडक रबर बटणं फोडतं. बटण असलेला शर्ट बटणं आत दुमडून घालायचा, ही तिकडच्या बायकांची जुनी युक्ती.

7) काही पिळण्यांना लोखंडी नव्हे तर तेल पाजलेल्या लाकडाची बेअरिंगं असतात. झिजली असतील तर टणक लाकडाचा ठोकळा कोरून, गरम तेलात ठेवून बसवता येतो. सुताराचं तासाभराचं काम.

8) सुटका. हे यादीत शेवटी लिहिलं असलं तरी यंत्र जोडताना पहिलं तपासायचं. जाड टॉवेलाची गुंडाळी रुळात सोडा आणि दांडीवर थाप मारा. एका थापेत रूळ सुटले पाहिजेत. मग गुंडाळी जोरात मागं ओढून बघा. स्प्रिंग गंजली असेल, खिट्टी जाम असेल, तर बाकी यंत्र कितीही चकचकीत झालं तरी ते घरात न्यायचं नाही. बोटानं तपासणी करायची नाही, मित्र बघत असले तरी.

तिकडं जुन्या यंत्रांच्या हौशी लोकांत मी एक गोष्ट बघतो. रंग नवा असतो, नाव सोनेरी असतं, आणि सुटकेची दांडी जाम असते. शोभेला ठेवायचं असेल तर हरकत नाही. चालवायचं असेल तर हरकत आहे.

आपल्या शेडमध्ये

रिंगर आपल्याकडं नाही. पण कडबाकुट्टीच्या तोंडाशी दोन दातेरी रूळ आहेत, आणि त्यांच्या मागं पातं आहे. रूळ कडबा ओढतात तसा हात ओढतात. बहुतेक कुट्टीला रूळ थांबवायची किंवा उलट फिरवायची दांडी दिलेली असते. आज संध्याकाळी गोठ्यात जाल तेव्हा मोटर बंद ठेवून ती दांडी हलवून बघा. शेणानं, रंगानं, गंजानं ती जाम असेल तर तिला डिझेल पाजा आणि मोकळी करा. घसरण कापलेली असेल तर पत्रा वेल्डिंग करून परत लांब करा. दोन-तीनशे रुपयांचं काम आहे. चालू कुट्टीजवळ पोरं येणार नाहीत अशी आडवी फळी लावा. सैल शर्टाची बाही, ओढणी, पदर, हातातलं कडं, सगळं आधी आवरा.

पुढच्या महिन्यात मळणी सुरू होईल. भाड्यानं यंत्र बोलावणार असाल तर दर ठरवतानाच घसरण बघून घ्या. मालक म्हणेल आजवर काही झालं नाही. तरी बघा.

तुमच्या गावात जुनी हातकुट्टी, लाकडी चरक, पितळी पंप असं काही अजून चालू असेल, तर ते कुणी उभं केलं, सुटा भाग कुठून मिळवला, ते लिहा. दुरुस्तीची ही माहिती म्हाताऱ्या मिस्त्रींच्या डोक्यात आहे, ती लिहून ठेवलेली नाही. आणि ती दांडी हलली का नाही, ते पण कळवा.